खाडीपल्याडचं माहेर

माझ्या आईचं माहेर खाडीपल्याड होतं. खाडी म्हटल्यावर कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे होड्या येतील, त्या त्यांनी जरा बाजूला ठेवाव्यात. सुरतेत खाडी म्हणजे कापडाच्या गिरण्यांचं रंगीत पाणी वाहून नेणारा रुंद नाला. नवागामातली आमची खोली तिच्या अलीकडे, बमरोलीतली मामाची खोली पलीकडे. मधे रेल्वेचे रूळ होते, कारखाने होते, चांगली पाय दुखवणारी चाल होती; पण माय विचारायची ते एवढंच, "खाडीवर पानी कितलं शे?" पावसाळ्यात खाडी फुगली की फरशीपुलावरून पाणी जायचं आणि तिचं माहेर बंद व्हायचं.

मायचे आईवडील मी लहान असतानाच धुळ्याकडच्या गावी वारले. तिथली जागा चुलत्यांकडे गेली. राहिला एक भाऊ, तिच्याहून धाकटा. तो आमच्या मागोमाग सुरतेला आला, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये वेल्डर झाला. बॉयलरचे, वाफेचे पाइप जोडायचं काम. लग्नाचं नाव काढलं की मायला चिडवायचा, "मी लगीन करं तर तुन्हं माहेर भावजईनं व्हई जाई." म्हणजे एका कुलपाची, एका खाटेची ती भाड्याची खोली हेच मायचं माहेर, आणि तिला ते कमी वाटत नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. दिवाळीपेक्षा मोठा सण. सासुरवाशीण त्या दिवशी सासरी राहिली तर लोक तिच्याकडे दयेनं बघतात. तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. आमचा मामा दरवर्षी फरशी ओलांडून नवागामात यायचा, ओट्यावर बसून पाण्याचा तांब्या मागायचा, आणि जणू लांबून कुठून बैलगाडी करून आलाय अशा थाटात आबांना विचारायचा, "पाहुना, बहीनले धाडतस का?" आबा म्हणजे माझे वडील. तेही मिशीवरून हात फिरवून जरा आढेवेढे घ्यायचे. मग माय, मी आणि पिशवी अशी आमची वरात खाडी पार करायची.

बमरोलीच्या खोलीत माय गादीवर बसून राहायची आणि मामा स्टोव्हवर पुरण शिजवायचा. ते बहुधा खाली लागलेलं असायचं. माय ते खाऊन म्हणायची, असं पुरण कुठेच मिळत नाही, आणि खरंच कुठे मिळत नव्हतं. दुपारी मामा घमेल्यात गोवरी पेटवायचा, निखारे झाले की त्यावर तूप सोडून पुरणपोळीचे घास टाकायचा. एक आईच्या नावानं, एक बापाच्या. ह्याला आगारी म्हणतात. घास जळून वास वर गेला की तो पितरांना पोचला. वर्षातून दोनदा हे करायचं, आखाजीला आणि पितृपंधरवड्यात त्यांच्या तिथीला. काम मुलाचं, मुलगी नुसती हात जोडून उभी.

नव्वद साल उजाडायच्या आधीच्या थंडीत मामा कुवेतला गेला. कुणी एजंट होता, तेलाच्या पाइपांसाठी वेल्डर हवे होते. गल्लीत गुजराती, हिंदी, मराठी सगळेच म्हणू लागले, "खाडीत गेला." हिंदीत तिकडच्या मुलखाला खाडीच म्हणतात. मायनं निघताना त्याला विचारलं, "तठे बी खाडी शे?" मामाला चेष्टेची संधी सोडवत नसे. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "शे ना. आपलीथीन मोठी शे." झालं. तेव्हापासून मायच्या मनात कुवेत म्हणजे एका मोठ्या काळ्या नाल्याकाठची वस्ती.

मी मराठी शाळेत दहावीला होते आणि माझ्यासारखी शहाणी त्या गल्लीत दुसरी नाही असं माझं स्वतःचं मत होतं. मी भूगोलाचं पुस्तक काढून नकाशा दाखवला. "माय, ही खाडी नाही. हे आखात. समुद्र आहे हा." तिनं आखात हा शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला आणि म्हणाली, "आखात? मंग आखाजीले यी ना तो?" भूगोल तिथंच संपला. त्या आखाजीला अर्थात मुराळी आला नाही. माय नवागामातच राहिली आणि दिवसभर भांडी घासत बसली, घासलेली परत घासली.

पुढे पावसाळ्यात रेडिओवर हिंदी बातम्यांत सारखा तोच शब्द येऊ लागला. खाड़ी में तनाव, खाड़ी में सेनाएँ. इराकनं कुवेत घेतलं होतं. राखी तोंडावर होती. मायनं मामासाठी घेतलेली राखी देवाच्या फळीवर ठेवली, आणि येता-जाता तिच्याकडे बघायची. मामाचा ना फोन ना निरोप. दर बातमीच्या वेळी ती हातातलं काम थांबवून फक्त 'खाडी' हा शब्द आला का ते ऐकायची. बाकीची हिंदी तिच्या लेखी वाराच होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काठियावाडी काकांचं किराणा दुकान होतं. फोन तिथंच, आणि गुजराती पेपरही. संध्याकाळी लूमची, म्हणजे यंत्रमागाची पाळी संपवून आबा आणि त्यांच्यासारखे चार जण तिथं थांबायचे. काका पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मग स्वतःचं भाष्य जोडायचे. मी तेल-मिठाच्या निमित्तानं उभी राहायचे, कारण घरात बातम्या म्हणजे मायचा चेहरा, आणि तो मला बघवत नव्हता.

आबांचा प्रश्न साधा होता. एका देशानं शेजारच्या देशाचं घर घेतलं, तर इतक्या लांबून अमेरिका आपली जहाजं घेऊन का येते? काका म्हणाले, ह्याच इराकला आठ वर्षं इराणशी लढायला हत्यारं कोणी दिली ते विचार. रशियानं दिली, इतरांनीही दिली, काहींनी तर दोन्हीकडे दिली. पूर्वी एकीकडे अमेरिका बसली की दुसरीकडे रशिया बसायचा, त्यामुळे दोघंही जपून असत. आता रशियाच्या स्वतःच्या घराचे वासे हलताहेत, तो कुणाला अडवणार? आबांनी विचारलं, "मंग आते कोन कोनी बाजूले शे?"

काकांनी तराजू झटकला. "बधा तेलनी बाजूमां छे," ते म्हणाले. सगळे तेलाच्या बाजूला.

तेलाचा आणि आपला काय संबंध हे आबांना तोवर कळलं नव्हतं. महिन्याभरात कळलं. सेठनं अर्धे लूम बंद केले. म्हणाला, तेल महाग, म्हणून धागा महाग, कापड विणून कोणाच्या गळ्यात घालू? आबा आयुष्यभर धागा हाताळत आलेले. धागा तेलापासून होतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते घरी येताना लूमखालची धाग्याची गुंतवळ खिशात घालून आले. ओट्यावर बसून तिला काडी लावली. सुती धागा जळला की राख होते. ही गुंतवळ वितळली, तिचा काळा मणी झाला आणि घासलेटसारखा उग्र धूर आला. आबांनी तो मणी गार होऊ दिला, तळहातावर घेऊन मला दाखवला. "दख," म्हणाले, "तुन्हा मामा तठे पाइप जोडस, आन् ते पाइप आठे मन्हा लूमलगून येस." इकडे रेशनच्या दुकानात घासलेटची रांग वाढली होती, तीत मी डबा घेऊन उभी राहायचे, आणि तिथंही लोक म्हणायचे, खाडीमुळे. एका शब्दानं आमचं सगळं घर धरून ठेवलं होतं: मामा, लूम, स्टोव्ह.

मग पितृपंधरवडा आला, आणि त्यात आजी-आजोबांची तिथी. आगारी टाकायला मुलगा नव्हता. मायनं ठरवलं, आपण टाकू. आदल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून आपल्या आईबापाला समजावत होती, मी ऐकलं, की भाऊ परमुलखात आहे, यंदा माझ्या हातचं गोड माना.

माझी शाळा सकाळची. दुपारी मी घरी आले तेव्हा माय मागच्या दारी घमेल्यापुढे बसली होती. निखारे छान फुलले होते, दोन घास जळून गेले होते, तुपाचा वास सुटला होता. आणि तिच्या हातात तिसरा घास होता. तिनं तो निखाऱ्यावर ठेवला आणि मामाचं नाव घेतलं. मोठ्यानं नाही, पण आमच्या घरात हळू बोललेलं ऐकू न येण्याइतकी जागा नव्हती.

मी दप्तर खाली टाकलं. "माय, कोणाचं नाव घेतलंस?"

ती रडत नव्हती. तिनं तूप सोडलं, मगच बोलली. "दुकानवाली सांगी गयी. मुंबईथून फोन उना व्हता. तुन्हा मामा खाडीमाईन निंघना."

इथं आमच्या वस्तीची भाषा सांगायला हवी. खाडीत पडलेला माणूस आपोआप वर येत नाही. पावसाळ्यात फरशीवरून एखादा घसरला, दारूच्या भरात एखादा गेला, की लोक काठावर जमत आणि वाट बघत. मग कोणीतरी येऊन सांगे, फलाण्या खोलीतला खाडीतून निघाला. ह्याचा एकच अर्थ होता आणि तो गल्लीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होता. नकाशा पाठ असलेली मी, पण मलाही क्षणभर तोच अर्थ लागला. आखात गेलं कुठल्या कुठे. माझ्या डोळ्यांपुढे आमचीच खाडी आली, लाल पाण्याची, आणि काठावर झाकलेला मामा.

मग कुठेतरी शाळा जागी झाली आणि मी तशीच अनवाणी दुकानाकडे धावले. दुपारची वामकुक्षी म्हणजे सुरतेचा धर्म. शटर खाली होतं. मी ते इतकं बडवलं की काकी पदर सावरत मागच्या दारानं बाहेर आल्या आणि आधी मला चार शब्द सुनावले. मी विचारलं, नक्की काय निरोप होता? त्या म्हणाल्या, त्यांनी मायला सांगितलं ना, "तमारो भाई खाडीमांथी नीकळी गयो छे." आणि माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं. "अरे गांडी, नीकळी गयो एटले बची गयो! जॉर्डनमां छे, केम्पमां. विमानमां आवशे." गांडी म्हणजे वेडी.

सुटला होता. कुवेतहून इराक, इराकमधून जॉर्डन, तिथल्या छावणीत आपल्या लोकांबरोबर विमानाची वाट बघत होता. काकींच्या गुजरातीत 'निघाला' म्हणजे वाचला, आणि आमच्या गल्लीत 'निघाला' म्हणजे मेला. मी धावतच परत आले. इतका आनंद मला नंतर माझ्या लग्नातही झाला नाही, हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं आहे.

मायनं सगळं ऐकलं. मला वाटलं ती हसेल, मला जवळ घेईल. ती घमेल्याकडे बघत राहिली. मग तिनं चिमटा घेतला आणि निखाऱ्यात तिसरा घास शोधू लागली. तो केव्हाच जळून गेला होता.

"पाणी ओतू का?" मी विचारलं.

"आगारीवर पानी टाकतस का?" ती म्हणाली. आणि चिमटा खाली ठेवून, "तो घास पोची गया व्हई."

त्या वयात मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. जित्या माणसाच्या नावानं आगारी टाकणं म्हणजे त्याला आपल्या हातानं पितरांच्या पंगतीला बसवणं, आणि एकदा पान मांडलं की बोलावणं यायला किती वेळ? तिच्या आईबापांनी पोराचा घास पाहिला असेल, त्यांना वाटलं असेल, हाही आलाच. मायनं माझं मनगट धरलं. "कोन्हाले सांगू नको. त्याले तर नहीच." मी मान हलवली.

मामा दिवाळीच्या आधी आला. मुंबईपर्यंत विमान, पुढे रेल्वे. स्टेशनवर आम्ही त्याला ओळखलं ते चालण्यावरून. बाकी माणूस वाळून गेला होता, आणि हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. मायनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मग त्याच्या हाताला, दंडाला, कानाला हात लावून बघत राहिली. तो वैतागून म्हणाला, "म्हस लेस का काय?" म्हैस विकत घेतेस का. आबा हसले. मायही हसली, पण हात काढला नाही. फळीवरची राखी तिनं त्याला तिथंच, फलाटावर बांधली.

वाटेत काय झालं ते मामा फार सांगत नसे. वाळवंट, ट्रक, पाण्यासाठी मारामारी. एकदाच म्हणाला, की नाक्यानाक्यावर बंदुकवाले विचारायचे, कुठला? हिंदी म्हटलं की जाऊ द्यायचे. "आपला देश कोन्हाच बाजूले नव्हता म्हनीसन सोडं, का बठ्ठास्ना बाजूले व्हता म्हनीसन, ते माले कळनं नही." बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांच्या. आबांना हे वाक्य फार आवडलं. ते त्यांनी दुकानावर जाऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि काकांनी त्यावर मामाला फुकट सोडा पाजला.

जानेवारीत खरी लढाई लागली. काकांनी टीव्ही दुकानात आणून ठेवला होता, गिऱ्हाईक वाढावं म्हणून. हिरवट अंधारात ठिणग्या उडताना दिसायच्या आणि लोक फटाके बघावेत तसे बघायचे. कुणी इराकच्या बाजूनं टाळ्या वाजवायचा, कुणी अमेरिकेच्या. मामा मागे उभा राहायचा. पुढे तेलाच्या विहिरी पेटल्या, दिवसाढवळ्या काळोख करणारा धूर दिसू लागला, तेव्हा तो एकदा पुढे आला, पडद्याजवळ वाकला आणि म्हणाला, "आठे कोठे तरी मन्हा जोड शे." त्यानं घातलेला एखादा वेल्डिंगचा जोड. मग तो घरी निघून गेला. मायनं मला विचारलं, खाडीला आग कशी लागली? मी ह्यावेळी आखात म्हटलं नाही.

मामा परत पलसाण्याच्या मिलमध्ये चिकटला. पण धागा नाही तर कापड नाही, कापड नाही तर रंगवायचं काय? मिल आठवड्यातून काही दिवसच चालायची. माय त्याच्या मागे लागली, लग्न कर. सगळ्यांना वाटायचं तिला भावजय हवीय. मला ठाऊक होतं, तिला त्याला कुठेतरी पक्कं बांधून टाकायचं होतं. तो जेवायला आला की आबांच्याही आधी त्याला वाढायची. त्याला साधा खोकला झाला तरी तिच्या हातातलं लाटणं थांबायचं.

लढाई संपली आणि आखाजी आली. मुराळी आला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं, आबांनी आढेवेढे घेतले. सगळं पूर्वीसारखं. आम्ही निघालो. फरशीवर पोचल्यावर मामा थांबला. त्या दिवशी खाडीचं पाणी निळं होतं, शाईसारखं. तो कठड्याला टेकून म्हणाला, एजंट परत आलाय.

विहिरी विझवायच्या होत्या, पाइप नव्यानं टाकायचे होते, वेल्डर मिळत नव्हते. मायनं विचारलं, ते पाइप फोडले कोणी? मामा म्हणाला, एकानं विहिरी पेटवल्या, दुसऱ्यानं वरून बॉम्ब टाकले. "आन् जोडाना ठेका कोनले?" तो हसला. ज्यांची विमानं होती त्यांच्याच मुलखातल्या कंपन्यांना म्हणे. फोडणाऱ्याच्या दारातूनच जोडणारा निघतो, आणि मधे हातात वेल्डिंगची टॉर्च घेऊन आपण. "काम ते कामच शे ना, माय," तो तिला म्हणाला. लाडात आला की तो बहिणीला माय म्हणायचा.

"जाऊ नको," ती म्हणाली.

"काब्र? त्या खेपले काय व्हयनं? जित्ता उनू ना मी?"

काब्र म्हणजे का. तिच्याकडे त्याचं उत्तर होतं, आणि ते देता येत नव्हतं. ती निळ्या पाण्याकडे बघत राहिली. मी दोघांच्या मधे पिशवी धरून उभी होते. मला त्यावेळी भयंकर राग आला होता, आणि कुणाचा ते धड ठरवता येत नव्हतं. मामाचा आला, की ह्याला कळत कसं नाही. मायचा आला, की एका घासाला इतकी कशी भिते. आणि टीव्हीत बोटानं नकाशा दाखवणाऱ्या त्या कोटवाल्या माणसांचा आला, ज्यांना नवागाम, बमरोली, आगारी हे शब्द कधी ऐकूही येणार नव्हते, आणि त्यांच्या भांडणापायी माझी माय स्वतःच्या भावाला मारून बसली होती. तो राग अजून आहे. फक्त आता तो आवाज करत नाही.

मामा पावसाळा सरता सरता गेला. मिल बंद पडत चालली होती, त्याला बोल लावता येणार नाही. जाताना बमरोलीच्या खोलीची किल्ली मायकडे दिली. खोलीच्या नाक्यावर नवा एसटीडी-पीसीओचा बूथ झाला होता, तिथला नंबर त्यानं लिहून नेला. आखाजीच्या दुपारी तिथं फोन करीन, म्हणाला.

ते वर्ष मायनं कसं काढलं ते मी जवळून पाहिलं. पितृपंधरवडा आला तेव्हा तिनं घमेलं पुढ्यात घेतलं, पण दुसऱ्या घासानंतर ती उठूनच गेली. मोजून दोनच पडले ना, असं मला दोनदा विचारलं.

आणि पुढची आखाजी. सकाळी ती न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. कोणी येणार नव्हतं. आबा लूमवर गेले होते. मला वाटलं, आता भांडी निघणार. त्याऐवजी तिनं मला हाक मारली. "ऊठ. तू मन्ही मुराळी."

मुराळी पुरुष असतो, पोरीला मुराळी कोण म्हणतं? पण मी ओट्यावर बसले, पाण्याचा तांब्या मागितला, आबा नव्हते म्हणून दाराच्या चौकटीलाच विचारलं, बहिणीला धाडता का? मायनं पिशवी माझ्या हातात दिली. फरशीवरून जाताना ती थांबली नाही, पाण्याचा रंगही बघितला नाही. तिनं स्वतः कुलूप उघडलं, खोली झाडली, स्टोव्ह पेटवला. पुरण तिनंच शिजवलं. थोडं खाली लागलं, आणि मला दाट शंका आहे की ते तिनं मुद्दाम लागू दिलं.

आगारी टाकून झाली. दोन घास, मी शेजारी उभी. मग आम्ही बूथवर जाऊन बाकावर बसलो. फोन आला तेव्हा बूथवाल्यानं आम्हाला हाक मारली आणि मायनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मी कान लावला होता, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

मामानं विचारलं, कशी आहेस, पाहुणे कसे, खोली गळते का. मग म्हणाला, "माय-बापना नावनी आगारी टाकी का?"

"टाकी."

"पुरनपोळी करी व्हती?"

"करी ना."

आणि माझा मामा, ज्याला चेष्टेची संधी कधी सोडवली नाही, तो समुद्रापलीकडून हसत म्हणाला, "मंग मन्हा बी एक घास टाकना व्हता."

मायचा चेहरा पांढरा झाला. मला वाटलं रिसीव्हर पडतो. तो पडला नाही. दीड वर्ष जे तिला फरशीवर, फलाटावर, जेवणाच्या ताटासमोर बोलता आलं नव्हतं, ते तिथं, काचेच्या त्या खोक्यात, बूथवाल्यादेखत तिच्या तोंडून निघालं.

"तुन्हा घास मी टाकाव नही," ती म्हणाली. "तू ये, आन् तुन्हा हातवरी खाय."

"येसू ना," मामा म्हणाला. तिकडे अजून हसूच होतं. "पुढली आखाजीले मीच मुराळी."

खोलीवर परत आल्यावर तिनं एक ताट वाढलं. दोन पोळ्या, वर तूप, बाजूला आमरस. घमेल्यातले निखारे अजून धुगधुगत होते. त्यांच्याकडे पाठ करून ती मामाच्या गादीवर बसली. मी विचारलं, हे कोणाचं? म्हणाली, "त्यानं." म्हणजे त्याचं. मग मांडीवर ताट घेऊन तिनं पहिला घास मोडला आणि जिवंत माणसाचं ते जेवण सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत, स्वतः खाल्लं.